क्रेनवाल्याचा डबा

क्रेनच्या शिडीला दोनशे अठ्ठावीस पायऱ्या आहेत, हे क्रेनवाल्याला त्या क्रेनवर दोन वर्षं काढल्यानंतर कळलं. पाय धड होते तोवर मोजायची वेळच आली नव्हती. आता तो शंभराव्या पायरीपाशी लोखंडी जाळीवर थांबायचा, दीडशेव्या पायरीला पुन्हा थांबायचा, आणि वर पोचेपर्यंत मांड्या अशा थरथरायच्या की खुर्चीत बसल्यावर पाच मिनिटं तो क्रेन चालवायच्या दांड्यांना हातच लावायचा नाही. खालून रेडिओवर आवाज यायचा, "पोचलास का रे, की मध्येच मुक्काम ठोकलास?"

हा आवाज शिट्टीचा. शिट्टी म्हणजे त्याचा इशारेवाला. उंचावर काचेच्या केबिनमध्ये बसलेल्या माणसाला खालचं अर्धं दिसत नाही. भार डावीकडे न्यायचा की उजवीकडे, किती उतरवायचा, कुठे थांबवायचा, हे खालचा माणूस सांगतो आणि वरचा मुकाट्याने ऐकतो. रेडिओ बिघडला तर हा गडी तोंडात दोन बोटं घालून अशी शिट्टी मारायचा की आख्खं बांधकाम जागच्या जागी थांबायचं. सतरा वर्षं दोघांची जोडी होती. खरं नाव हजेरीपटावर होतं, आणि तिथेच राहिलं.

क्रेनवाला अठ्ठावन्न वर्षांचा. बोलायला महाकंजूष. दिवसभर आकाशात एकटा बसून बसून त्याची बोलायची सवयच मोडली होती. बांधकामावरची माणसं तो टाळक्यांवरून ओळखायचा, आणि खाली समोरासमोर भेटली की बावचळायचा. त्याला एका गोष्टीचा मात्र भारी अभिमान होता. सकाळी सहाला वर चढला की दोनला खाली. मध्ये लघवीसाठी उतरणं नाही. उतरायला दहा मिनिटं, चढायला पंधरा, तेवढा वेळ खाली शंभर माणसं खोळंबणार. तरुण क्रेनवाले बाटली घेऊन वर जायचे, तो त्यांना नावं ठेवायचा.

सहा महिन्यांपूर्वी त्यालाही बाटली न्यावी लागली. आधी तासातासाने, मग अर्ध्या अर्ध्या तासाने. त्याने महिनाभर कानाडोळा केला. शिट्टीनेच एकदा बाटली बघितली आणि त्याला ओढत डॉक्टरकडे नेलं. रक्त तपासलं, सुईने तुकडा काढला, आणि निदान झालं: प्रोस्टेटचा कॅन्सर. मूत्राशयाच्या खाली अक्रोडाएवढी एक ग्रंथी असते, हे त्याला या वयात कळलं. आजार तिथून बाहेर पडलेला नव्हता, हे नशीब. दर तीन महिन्यांनी एक इंजेक्शन आणि किरणांच्या अठ्ठावीस बैठका, एवढ्यावर निभावेल असं डॉक्टर म्हणाले.

त्या दिवशी बायको सोबत होती. ती घरी शिवणकाम करायची, टेप गळ्यात ठेवूनच ती हॉस्पिटलात आली होती. डॉक्टरांचं बोलून झाल्यावर तिने एकच विचारलं, "पथ्यपाणी काय ठेवायचं?"

डॉक्टर कागदावर सही करत होते. मान वर न करता म्हणाले, "पथ्य असं काही नाही. काय आवडेल ते खाऊ दे त्यांना."

बायकोचा चेहरा पांढराफटक पडला. क्रेनवाल्याने ते बघितलं. त्याला वाटलं, कॅन्सर हा शब्द आता तिच्या डोक्यात उतरला असेल. दुसऱ्या दिवशी सकाळी ती दोनशे पानी वही घेऊन आली.

माणूस आजारी पडला की चहूकडे डॉक्टर उगवतात. परगावी असलेल्या मुलीने फोनवर याद्या पाठवल्या. शेजारणीच्या दिराच्या साहेबाने कच्च्या भाज्यांवर वर्ष काढलं होतं. थोरल्या बहिणीने कसल्याशा पुडीची पाकिटं धाडली, सकाळी अनशापोटी चमचाभर. बायकोने सगळं वहीत उतरवलं. लाल पेनाने लिहिलं ते बंद: दूध, दही, अंडी, मटण, साखर, तेल. हिरव्या पेनाने लिहिलं ते सुरू: कोबी, ब्रोकोली, मोड आलेली कडधान्यं, सोयाबीन, कच्चा कांदा, लसूण, टोमॅटो, जवस. कपडा बेतावा तसं तिने त्याचं जेवण बेतलं. तीन पुडांचा डबा भरून जायचा आणि संध्याकाळी ती तो उघडून बघायची.

क्रेनवाला हूं की चूं न करता खायचा. कामावर त्याचा नियम होता, एका वेळी एकाच माणसाचा इशारा पाळायचा. चौघं चार बाजूंनी हात हलवायला लागले की अपघात ठरलेला. घरी त्याने बायकोला इशारेवाली मानलं आणि बाकीच्यांकडे लक्ष द्यायचं सोडून दिलं. इंजेक्शनमुळे त्याच्या अंगातून गरम वाफा निघायच्या, एकाएकी घामाने सदरा भिजायचा. बायको वारा घालत म्हणायची, "आता कळलं ना, मला पाच वर्षं काय होत होतं ते? तेव्हा म्हणायचात पंखा बंद कर." तेवढंच काय ते घरात हसू.

किरणांच्या पहिल्या दिवशी तो एकटाच गेला. कामावरून दोनला सुटायचं, चारला हॉस्पिटल. दहा मिनिटांचं काम, रोज कशाला दोघांनी खेपा घालायच्या, असं त्याने बायकोला सांगितलं होतं. किरणांच्या मशीनवरच्या मुलीने त्याला नियम समजावले. मूत्राशय भरलेलं पाहिजे, मागचं आतडं रिकामं पाहिजे. पाऊण तास आधी अर्धा लिटर पाणी प्यायचं आणि धरून ठेवायचं. क्रेनवाला मनात म्हणाला, निदान यात तरी मला शिकवायला नको. मग तिने एक कागद दिला. त्यावर लिहिलं होतं, या दिवसांत पोटात वायू धरणारे पदार्थ टाळा. खाली यादी होती. कोबी, ब्रोकोली, कडधान्यं, सोयाबीन, कांदा, कच्च्या भाज्या. कुणीतरी बायकोच्या वहीचं हिरवं पान समोर ठेवून लिहावी तशी ती यादी होती.

तो कागद त्याने घडी करून खिशात घातला. घरी गेला तेव्हा बायको बाजारातून दोन पिशव्या भरून आली होती, आणि पिशव्या तशाच ठेवून शिलाई मशीनवर डोकं टेकून झोपली होती. निदान झाल्यापासून ती धड झोपलीच नव्हती. त्याने तिला उठवलं नाही. दुसऱ्या दिवशी तो कागद क्रेनच्या केबिनमध्ये खुर्चीखाली गेला. पोट आपलं आहे, आपण बघून घेऊ, असा त्याचा हिशोब. हा असला हिशोब फक्त नवरे करू शकतात.

पहिले दोन दिवस पार पडले. तिसऱ्या दिवशी तो मशीनच्या टेबलावर पडला, मशीनने त्याच्याभोवती फिरून आतला फोटो घेतला, आणि ते थांबलं. जाड दार सरकलं. फरशीवर बुटांची चटचट ऐकू आली.

"काका, आत गॅस आहे. उतरा. जरा चालून या, संडासला जाऊन या, मग पाणी पिऊन पुन्हा बघू."

तो कॉरिडॉरमध्ये चालला. रांगेतली माणसं बघत होती. तासाभराने पुन्हा टेबल, पुन्हा फोटो, पुन्हा बुटांची चटचट. "आज नाही जमणार, काका."

का नाही जमणार, हे त्याला समजावून सांगावं लागलं नाही. भार कुठे टेकवायचा ते बोटाबोटाने ठरलेलं असतं. खालचा ओटाच फुगून सरकला तर भार टेकवणार कुठे? किरण ग्रंथी सोडून आतड्यावर पडला तर तिथे जखम होणार आणि आजार तसाच राहणार. त्याला हे इतकं नीट कळलं की घामाची वाफ आली.

घरी बायकोने विचारलं, "झालं?"

"झालं," तो म्हणाला.

तिने भिंतीवरच्या कॅलेंडरवर फुली मारली. पुढच्या आठवड्यात असं आणखी दोनदा झालं, आणि दोन्ही फुल्या पडल्या.

मग क्रेनवाल्याने आपली अक्कल चालवली. पोटात काही गेलंच नाही तर वायू धरेल कशाचा? त्याने डबा शिट्टीला द्यायला सुरुवात केली. रात्रीच्या जेवणातले दोन घास खाऊन उरलेलं तो बायकोची पाठ वळली की पिशवीत भरायचा. पण उपाशी पोट गप्प बसत नाही. ते गुरगुरायचं, आंबट ढेकरा यायच्या, आणि घाबरलेला माणूस घोटाघोटाने हवा गिळतो ते वेगळंच. टेबलावरून त्याला आणखी दोनदा उतरवलं. बारा दिवसांत सात बैठका झाल्या, पाच हुकल्या. कॅलेंडरवर बारा फुल्या होत्या.

बायकोने त्याची पँट कमरेला एक इंच आत घेतली. आठवड्याने आणखी एक इंच घेतली. टाचण्या लावताना ती गुडघ्यांवर बसली होती, आणि तिचे हात थांबले. "एवढं सगळं खाऊनसुद्धा," ती म्हणाली. दुसऱ्या दिवसापासून डबा चार पुडांचा झाला.

गुरुवारी पाचव्यांदा उतरवल्यावर डॉक्टर स्वतः आले. म्हणाले, उद्या मशीन दुरुस्तीला बंद आहे. सोमवारी शेवटचं बघू. जमलं नाही तर थांबवावं लागेल, नवा फोटो, नवी आखणी, त्यात दोन आठवडे जातील आणि मधल्या खंडाचा फायदा आजाराला. "उद्या चारला आमच्या डाएटच्या बाईंना भेटा. घरी जे कुणी स्वयंपाक करतं त्यांना घेऊन या."

क्रेनवाल्याने मान हलवली. एकट्यानेच जायचं त्याने जिन्यातच ठरवलं.

शुक्रवारी सकाळी दहाला काचेच्या तावदानांचा गठ्ठा बाराव्या मजल्यावर चढवायचा होता. वारा फार नव्हता. शिट्टी रेडिओवर बोलत होता, "हळू... असंच येऊ दे... डावीकडे दोन फूट..." आणि मग तो आवाज कुठेतरी लांब गेला. केबिनची काच कडेने काळी होत आली. क्रेनवाल्याला आपला हात दांड्यावर दिसत होता, पण तो आपलाच आहे असं वाटेना. एकतीस वर्षांची सवय म्हणून बोटं सुटली. दांडा सोडला की क्रेन जागच्या जागी थांबते. भार थांबत नाही, तो झोके घेतो. काचेचा गठ्ठा इमारतीच्या अंगाला झुकत गेला. तिथे परांचीवर दोन रंगारी उभे होते.

शिट्टी ऐकू आली. रेडिओवरची नव्हे, ती दोन बोटांची. रंगारी फळीवर आडवे झाले. गठ्ठा त्यांच्या डोक्यांवरून हातभर अंतराने गेला, परत आला, पुन्हा गेला. कुणाला खरचटलंसुद्धा नाही. खाली कुणी ओरडत नव्हतं, आणि त्याचीच क्रेनवाल्याला जास्त भीती वाटली.

"वर काय चाललंय?" रेडिओ म्हणाला.

"चक्कर आली."

"भार खाली घेता येईल?"

"घेतो."

त्याने तो उतरवला. चार मिनिटांचं काम, त्याला अकरा लागली. मग तो स्वतः उतरला, प्रत्येक पायरीला दोन्ही हातांनी मिठी मारत. खाली शिट्टी उभा होता. त्याने शिवी दिली नाही, फक्त दंड धरला आणि त्याला सिमेंटच्या पोत्यांवर बसवलं.

"आठवडा झाला मी तुझा डबा खातोय," तो म्हणाला. "माझं पोट नगारा झालंय. बायकोने मला बाहेरच्या खोलीत झोपायला काढलंय. मी म्हटलं, जाऊ दे, गडी कँटीनमध्ये चांगलंचुंगलं खात असेल. आता खरं सांग, तू काय खातोस?"

क्रेनवाल्याने पोत्यावरचं सिमेंट बोटाने झटकलं.

"काहीच नाही?"

त्याने मान हलवली. मग सगळं सांगितलं, टेबलापासून कागदापर्यंत. एवढं तो सतरा वर्षांत सलग बोलला नव्हता.

शिट्टीने बुटाने माती उकरली. "खाली दोन रंगारी आहेत. दोघांना पोरं आहेत. यापुढे तू बरा होईपर्यंत वर चढणार नाहीस. साहेबाला मी सांगतो." मग त्याने खिशातून फोन काढला. क्रेनवाल्याने त्याचा हात धरायला पाहिलं, पण तेवढंही बळ नव्हतं. "वहिनी, मी बोलतोय. घाबरू नका, सगळं ठीक आहे. आज चारला हॉस्पिटलात पोचा. येताना ती वही घेऊन या."

बायको आधीच येऊन बाकावर बसली होती. मांडीवर वही, वहीवर दोन्ही हात. नवऱ्याला बघून ती उठली नाही.

डाएटच्या बाई पन्नाशीच्या, चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेला. खोलीत एक टेबल, तीन खुर्च्या आणि एक वजनकाटा. त्यांनी आधी क्रेनवाल्याला काट्यावर उभं केलं, आकडा लिहिला, मग फाइल उघडली. "बैठका सात झाल्या."

"बारा," बायको म्हणाली.

बाईंनी पान पुन्हा बघितलं. "सात. पाच वेळा परत पाठवलंय."

बायको नवऱ्याकडे वळली. "बारा झाल्या ना हो?"

याच एका क्षणाला टाळण्यासाठी त्याने एवढे दिवस काढले होते. "सात," तो म्हणाला.

बाई म्हणाल्या, "काल दिवसभरात यांनी काय काय खाल्लं?" आणि तिने वही उघडून वाचायला सुरुवात केली. सकाळी पुडी, मग कोबीचा रस, मग मोड आलेली कडधान्यं... ती वाचत राहिली. आपण शिवलेल्या कपड्याची मापं सांगावीत तशी एक एक वस्तू ग्रॅमासकट. बाई बाजूला टिपणं घेत होत्या. शेवटी म्हणाल्या, "यातलं बरंचसं चांगलंच आहे. पण आत्ता नाही. याच्याने पोटात वायू धरतो. गुदाशय फुगला की ग्रंथी सरकते, आणि मशीनला थांबावं लागतं."

"म्हणजे माझ्यामुळे यांना परत पाठवलं?"

बाईंनी क्रेनवाल्याकडे बघितलं. तो म्हणाला, "तुझ्यामुळे नाही. मला पहिल्याच दिवशी कागद दिला होता. मी तो लपवला. आणि गेला आठवडाभर मी तुझं धड काही खाल्लेलं नाही. डबा शिट्टी खातो."

बायकोने वही मिटली. "मी काय मिळेल ते करत होते," ती म्हणाली, आणि मग तिला बोलणं आवरेना. "डॉक्टर म्हणाले ना, काय आवडेल ते खाऊ दे. माझ्या आईच्या वेळी डॉक्टर अगदी हेच म्हणाले होते. हेच शब्द. आम्ही पोरी खूश झालो, आईला आवडीचं करून घालायला लागलो. अठरा दिवसांत गेली. नंतर कुणीतरी सांगितलं की उपाय संपले की डॉक्टर असं म्हणतात. मी यांना कसं सांगणार होते? मी म्हटलं, डॉक्टरांनी हात टेकले असतील तर टेकू देत, मी नाही टेकणार."

दोन महिने बायको क्रेनवाल्याला मरायला टेकलेला समजून रोज डबा भरत होती, आणि त्याला त्याचा पत्ताही नव्हता.

बाईंनी चष्मा काढला. "ताई, डॉक्टरांचं चुकलं. एवढ्या घाईत एवढं मोठं वाक्य बोलायला नको होतं. त्यांना म्हणायचं होतं की आजार मर्यादेत आहे, म्हणून कडक पथ्याची गरज नाही. तुमचे यजमान बरे व्हायला आलेत इथे."

"कोबीने कॅन्सर बरा होत नाही का?"

"तो मशीनने आणि इंजेक्शनने बरा करायचाय. अन्नाने माणसाचं अंग टिकवायचंय. यांच्या इंजेक्शनने हाडं विरळ होतात, दंडामांड्यांचं मांस झडतं. म्हणून दूध, दही, अंडं, मासे किंवा कोंबडी, हे थोडं थोडं रोज पाहिजे. भात, साल काढून शिजवलेला बटाटा, गाजर. सावकाश चावून. सोड्याचं पेय नाही. रोज चालायचं. उपास अजिबात नाही. ती पुडी आणलीत? बंद करा. आत काय आहे ते कुणालाच माहीत नाही. आणि हे सगळं उरकलं, पोट सावरलं की मला विचारून तुमच्या हिरव्या पानावरचं एकेक सुरू करू."

बायकोने लिहून घेतलं. एक शब्द चुकू दिला नाही.

शनिवारी दुपारी तिने त्याच्यासमोर मऊ भात, शिजवलेलं गाजर आणि अंडं ठेवलं आणि आत निघून गेली. तो जेवला. अंडं त्याला इतकं गोड लागलं की त्याला स्वतःची लाज वाटली. ताट घेऊन आत गेला तर बायको ओट्याला टेकून उभ्या उभ्या मोड आलेल्या कडधान्यांचं पातेलं संपवत होती.

"टाकून दे ना."

"टाकवत नाही." ती चावत राहिली. मग पातेलं आदळलं. "सात झालेल्या आणि मी बारा फुल्या मारल्या! पाच दिवस मी उगाच आनंदात होते. शिवताना गुणगुणत होते. तुम्ही बघत होतात आणि गप्प होतात."

"म्हणूनच गप्प होतो. तुला पहिल्यांदा बरं वाटत होतं."

"मला कशाने बरं वाटावं हे तुम्ही परस्पर ठरवणार? माझ्या हातचं पिशवीत भरून फेकलंत. तोंडावर म्हणाला असतात, नको मला हे, तर मी दोन दिवस रडले असते. फार तर तीन. तुम्ही त्या क्रेनवरून पडला असतात म्हणजे?"

"चुकलं," क्रेनवाला म्हणाला.

लग्नाला तीस वर्षं झाली होती. हा शब्द तिने त्याच्या तोंडून पहिल्यांदा ऐकला, आणि तो ऐकून ती जास्तच रडली. तो शेजारी उभा राहिला. मग त्याने पातेलं घासायला घेतलं.

रविवार दोघांनी जीव मुठीत धरून काढला. त्याचं पोट जरा गुरगुरलं की दोघं एकमेकांकडे बघायचे. दर तासाला ती विचारायची, "वायू सरला का?" तीस वर्षांच्या संसारात या विषयावर इतकं मोकळं बोलणं कधी झालं नव्हतं. दोघं सकाळ-संध्याकाळ रस्त्याच्या टोकापर्यंत चालून आले. ती त्याच्या अर्धं पाऊल मागे, तो कोलमडला तर धरता यावं म्हणून.

सोमवारी सव्वातीनला त्याने हॉस्पिटलच्या बाकावर अर्धा लिटर पाणी घड्याळ बघत प्यायलं. बायको शेजारी होती. समोर जाड सरकतं दार, वर दिवा.

"मला कसं कळणार?" तिने विचारलं.

"पाच मिनिटांच्या आत दार उघडलं तर परत पाठवलं असं समज. नाही उघडलं तर सुरू झालं."

"पाच मिनिटं."

"पाचच."

मशीनवरच्या मुलीने नाव पुकारलं. बायकोने त्याच्या सदऱ्याची कॉलर उगाच नीट केली.

आत टेबल नेहमीसारखं गार होतं. मुलीने त्याच्या कमरेवरच्या खुणा जुळवल्या, "हलू नका हं काका," म्हणाली आणि गेली. दार मिटलं. मशीन कुरकुरत त्याच्याभोवती फिरलं, फोटो घेतला, आणि थांबलं.

इथेच. पाचही वेळा इथेच. क्रेनवाला छताकडे बघत पडून राहिला. मूत्राशय तट्ट फुगलं होतं. पोटाच्या डाव्या बाजूला काहीतरी हललं, की हलल्यासारखं वाटलं, त्याला नक्की सांगता येईना. त्याने श्वास उथळ केला. फरशीवर बुटांची चटचट येते का, याकडे कान लावून तो पडला होता. बाहेर ती घड्याळ बघत असेल. आता बूट वाजले तर तिला तोंड दाखवायला कोणत्या पायांनी बाहेर जायचं, हे त्याला ठाऊक नव्हतं.

बूट वाजले नाहीत.

मशीन पुन्हा फिरायला लागलं, आणि या वेळी आवाज वेगळा होता. बारीक, सलग, कुठेच न अडखळणारा. त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं. दोन्ही बाजूंनी ओघळत ते कानांत शिरलं, कानाला गुदगुल्या व्हायला लागल्या. हात वर करून पुसायची त्याला फार इच्छा झाली. पण हलायचं नव्हतं. तो तसाच पडून राहिला, रडत, एक बोटभरही न हलता, आणि बाहेर त्याची बायको बंद दाराकडे बघत बसली होती.